खालचा आवाज

“फट राहिलीय कुठेतरी,” सुतार म्हणाला आणि खोक्याच्या कडेवरून अंगठा फिरवायला लागला.

कानवाल्यांनी टेप थांबवली, थोडी मागे घेतली आणि पुन्हा लावली. टेपवर व्हायोलिन होतं, पण खोलीत ते ऐकू येत नव्हतं. वरचे स्वर वाजवणारे छोटे स्पीकर त्यांनी मुद्दाम काढून ठेवले होते आणि नुसता वूफर जोडला होता, म्हणजे फक्त खालचे, घुमणारे आवाज काढणारा स्पीकर. व्हायोलिनमध्ये इतके खालचे स्वर नसतातच. तेव्हा वूफरने गप्प बसायला हवं होतं. तो काही वेळ गप्प बसला आणि मग पुन्हा तेच झालं. धप्. जरा थांबून, धप्. धप्. खोक्यात बसून कुणी उशीवर हलकेच मूठ आपटावी तसं. सात वेळा आपटून थांबलं.

रविवारची सकाळ होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांमधली बाहेरची खोली वायरींनी भरून गेली होती आणि सुताराचा चहा खिडकीत गार होत होता.

कानवाल्यांना हे नाव इस्पितळाने दिलं. मागच्या बाजूच्या लांब बोळाच्या टोकाला त्यांची खोली. आत काचेची पेटी, भिंतींना जाड स्पंज. तिथे बसवून, डोक्याला हेडफोन लावून ते माणसांचे कान तपासत. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच माणसाचं काम. बोळात शिरणारा प्रत्येक जण “कानवाले कुठे बसतात हो?” असं विचारत यायचा, आणि तीस वर्षांत साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना तेच म्हणायला लागले. निवृत्तीला आता पाच महिने उरले होते.

घरी त्यांना एकच नाद, स्पीकर बनवायचा. जुन्या घरात त्यांनी सुताराकडून माणसाएवढे दोन स्पीकर करून घेतले होते. बायको पाहुण्यांना सांगायची, आमच्याकडे दोन मोठी कपाटं आहेत, फक्त त्यांत एक रुमालसुद्धा ठेवता येत नाही. ती जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. ते घर सोडताना कपाटं देऊन टाकावी लागली. या दोन खोल्यांत फळीवर मावेल एवढंच खोकं चालणार होतं, आणि एवढ्याशा खोक्यातून खालचा आवाज काढायचा म्हणजे उंदराकडून हत्तीचं काम करून घ्यायचं. पण अलीकडे काही तऱ्हेवाईक लहान वूफर निघाले होते. त्यांतले तीन कानवाल्यांनी इकडून तिकडून मिळवले. पहिला पट्टीसारखा लांबट आणि चपटा. दुसरा तळहाताएवढा, पण त्याचा पडदा बोटभर आत-बाहेर नाचायचा. तिसरा सगळ्यांत विचित्र. त्यात दोन पडदे पाठीला पाठ लावून बसवले होते; एक पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे, त्यामुळे खोकं स्वतः मुळीच हादरायचं नाही. सुताराने तिन्हींसाठी एकाच मापाचं खोकं करून दिलं होतं, फक्त तोंडावरची फळी बदलायची.

वूफर काय वाजवतो हे कुणीही तपासतं. कानवाले तो काय वाजवत नाही हेही तपासत. इस्पितळात दोन आवाजांच्या मध्ये ते मुद्दाम शांतता सोडत आणि त्या शांततेत बोट वर करणारा माणूस लगेच ओळखत. कुणाला नोकरीसाठी कान चांगला दाखवायचा असे, कुणाला सुनेपुढे बहिरेपण लपवायचं असे. त्यांच्या पेटीत सोंग टिकत नसे. वूफरचीही ते तीच परीक्षा घेत. ज्यात खालचा आवाज नाहीच असं काहीतरी लावायचं आणि बघायचं, हा पठ्ठ्या मनाने काही जोडतो का. या वेळी त्यासाठी त्यांनी पहिल्यांदाच लेकीच्या व्हायोलिनच्या टेपा काढल्या होत्या. एकूण एकतीस. ती दहा वर्षांची होती तेव्हापासून एकोणीस वर्षांची होईपर्यंत, जुन्या घराच्या मागच्या खोलीत त्यांनी स्वतः भरलेल्या. प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरात तारीख.

पहिल्या वूफरवर ते धप्-धप् अगदी पुसट आलं होतं. पत्रा थरथरतोय, म्हणून त्यांनी सोडून दिलं. आता दुसऱ्यावर ते स्पष्ट आलं. सुताराने सगळ्या सांध्यांत लांबी भरून फटी बुजवल्या, स्क्रू आवळले, आतला कापूस काढून पुन्हा कोंबला. धप्-धप् गेलं नाही. मग तिसरा वूफर लावला. खोकं हादरतंय की नाही ते बघायला सुताराने कानावरची पेन्सिल काढून खोक्यावर उभी करून ठेवली.

पेन्सिल हललीसुद्धा नाही. आणि त्या उभ्या पेन्सिलीखालून तो आवाज असा आला की दोघांनाही तो कानाच्या आधी तळपायाला कळला.

“बंद कर जरा,” सुतार म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “नको, लाव. परत लाव.”

त्याने डोळे मिटून ऐकलं. कानवाल्यांना वाटलं, हा आता सांध्याबद्दल काही बोलणार.

“ही पावलं आहेत,” सुतार म्हणाला. “अरे, ती जमीन मी केलीय. तुझ्या मागच्या खोलीबाहेरची. दारासमोरची एक फळी ढिली होती. तिच्यावर पाय पडला की आतल्या आत घुमायचं. ती शेवटची जी आली ना, तीच ती. वहिनींनी दोनदा निरोप दिला होता, ठोकून जा म्हणून. राहूनच गेलं.”

टेप पुढे चालतच होती. खोक्यातून आता काहीच येत नव्हतं. सुताराने चहा तसाच सोडला, हत्यारं पिशवीत भरली आणि जेवायला घरी वाट बघतायत असं काहीतरी पुटपुटून तो निघून गेला. पेन्सिल खोक्यावरच राहिली.

त्या मागच्या खोलीत टेपा भरताना काय काय झालं होतं ते कानवाल्यांना नीट आठवत होतं. माइकचा स्टँड लाकडी जमिनीवर, लेक खोलीच्या मधोमध, आणि ते स्वतः कोपऱ्यातल्या टेबलाशी, हेडफोन लावून, दाराकडे पाठ करून. अगदी पहिल्यांदा, टेप ठेवायची म्हणून नाही, नुसतं भरून बघताना, बायको दार उघडून आत आली होती. काय सांगायला आली होती देव जाणे. लेक मधेच थांबली. कानवाल्यांनी वळूनही पाहिलं नाही. हात वर केला आणि फक्त म्हणाले, “दार.”

दार लागलं. त्यानंतर ती कधीच आत आली नाही. पुढे कुणी विचारलंच तर ते सांगत, हिला गाण्यात गोडी नाही, आम्ही बापलेक भरत बसतो तेव्हा ही तिकडे आपली कामं उरकते. बायको हसायची. तिनेही कधी ते खोडलं नाही.

त्या आठवड्यात ते ड्यूटी संपली की तडक घरी येत आणि एकेक टेप लावत. दुपारचं ऊन भिंतीवर सरकत असे. व्हायोलिन सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी पावलं यायची. नेहमी सात. सातवं ढिल्या फळीवर. मग ती उभी राहायची. वाजवणं लांबलं तर मधे एकदा फळी हळूच दबायची, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतल्यासारखी. शेवटचा सूर संपत आला की पावलं परत जायची, येताना हळू, जाताना चटचट, बापलेक बाहेर यायच्या आत स्वयंपाकघरात पोचायला हवं तशी. पहिल्या टेपवर, दुसऱ्या, पाचव्या, नवव्या. लेकीला ताप होता आणि तिने पाचच मिनिटं वाजवलं होतं, त्या टेपवरसुद्धा.

सुरुवातीला कानवाल्यांना बरं वाटलं. घरात कुणी आल्यासारखं. पण मग ते धप् ऐकू आलं की त्यांची मान आपोआप दाराकडे वळायला लागली. आपण आत आहोत, ती बाहेर उभी आहे, आणि आपल्या हाताशी दार आहे, हे काही केल्या डोक्यातून जाईना. बुधवारी त्यांनी टेप चालू ठेवून उठून खरंच दार उघडलं. बाहेर जिन्याचा कठडा आणि शेजाऱ्यांच्या चपला. दार बंद करायला मात्र त्यांना फार वेळ लागला.

इस्पितळातही त्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना. एका आजोबांना ते एकच स्वर चार वेळा देत राहिले. आजोबांनी चारही वेळा बोट वर केलं, आणि पाचव्यांदा काचेतून हात हलवून विचारलं, अहो, आहात ना तुम्ही?

गुरुवारी त्यांनी विसावी टेप लावली.

पावलं आली, पण वेगळी आली. एक जड, एक हलकं. जडानंतरचा वेळ लांब, हलक्यानंतरचा तोकडा. धप्, टप्. धप्, टप्. टेप ताणली गेली असणार, म्हणून त्यांनी छोटे स्पीकर जोडून व्हायोलिनचा सूर तपासला. सूर जागच्या जागी होता. टेप ताणली असती तर सूरही ढळला असता. मग त्यांनी फडताळातलं दुसरं टेपयंत्र काढलं, पुसलं आणि त्यावर लावली. धप्, टप्.

एकविसावी, बाविसावी. सातच्या जागी आता नऊ पावलं पडत होती. पंचविसाव्या टेपवर मधेच एक वेगळा, कोरडा आवाज होता. तो त्यांनी सहा-सात वेळा ऐकला आणि मग त्यांना कळलं, भिंतीवर हात टेकलाय. एकतिसाव्या टेपवर ती पाच पावलांनंतर थांबली होती. बराच वेळ. मग आली. फळीवर उभी राहिली. परत जातानाची पावलं लेकीचं वाजवणं संपून गेलं, तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं, तरी चालूच होती, आणि मग मधेच सगळं थांबलं; कानवाल्यांनीच तेव्हा यंत्र बंद केलं होतं.

विसाव्या टेपवरची तारीख त्यांनी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

बायकोला इस्पितळात नेलं त्याच्या चौदा महिने आधीची ती तारीख होती. खुब्याच्या हाडात गाठ होती. डॉक्टर ओळखीचे, त्याच इस्पितळातले. त्यांनी विचारलं होतं, किती दिवस दुखतंय? ती म्हणाली, दोन महिने झाले असतील. डॉक्टरांनी कानवाल्यांना बोळात बाजूला घेतलं आणि म्हणाले, वर्षभर आधी आणलं असतंत तर गोष्ट वेगळी होती. कानवाल्यांनी त्यांना स्वतः सांगितलं, पण डॉक्टर, वर्षापूर्वी हिला काही नव्हतंच हो, धडधाकट चालत होती. कागदावर दोन महिने हेही त्यांनीच आपल्या हाताने लिहिलं.

धडधाकटच चालत होती ती. बाजारात त्यांच्याबरोबर, लेकीच्या कॉलेजात, बहिणीच्या घरच्या जिन्यावर. माणसांसमोर ती नीट चालायची. नुसत्या त्या दारापर्यंत येताना, दार लागलेलं आहे, आपल्याला कुणी बघत नाही याची खात्री असताना, ती लंगडत होती. सोंग पकडण्यात ज्यांचा हात कुणी धरत नसे, ते कानवाले तिच्यापासून बारा हातांवर कानाला हेडफोन लावून बसले होते, आणि यंत्र तिचं प्रत्येक पाऊल भरून घेत होतं.

त्यांनी यंत्राची वायर भिंतीतून काढली. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच एक पातेलं घासलं. ते स्वच्छ होतं, तरी घासलं.

शनिवारी सुतार पेन्सिल न्यायच्या निमित्ताने आला. खोक्याकडे न बघता त्याने विचारलं, मग कुठला ठरवला? त्याला खोक्याची तोंडाची फळी कायमची बसवायची होती.

“दुसरा बसव. तळहाताएवढा,” कानवाले म्हणाले.

“तिसरा का नको? तोच सगळ्यांत सरस आहे म्हणालास.”

“तिसरा फार खरा आहे.”

सुताराने मान हलवली. सगळ्या टेपांवर आहेत का वहिनी, असं त्याने हळूच विचारलं, आणि कानवाले हो म्हणाले. सुतार आणखी काहीतरी विचारणार होता, पण कानवाल्यांचा चेहरा बघून त्याने फळीचं माप पुन्हा एकदा घेतलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी लेक आली. ती एका शाळेत शिकवायची, दर पंधरा दिवसांनी येऊन बापाच्या खोल्या झाडून जायची आणि औषधांच्या गोळ्या मोजायची. व्हायोलिन तिने आई गेल्यावर सोडलं ते सोडलंच. कानवाल्यांनी तेव्हा दोन-तीनदा समजावलं, एकदा रागावलेही. पोरगी आळशी निघाली, एवढाच त्यांनी त्याचा अर्थ लावला होता.

तिला सांगायचं की नाही यावर ते पहाटेपासून विचार करत होते. शेवटी काही न सांगता त्यांनी तिला खोक्याजवळ बसवलं आणि चौथी टेप लावली. वरचे स्पीकरही जोडले होते. तिचं स्वतःचं अकराव्या वर्षीचं व्हायोलिन खोलीत सुरू झालं. “किती बेसूर,” असं म्हणून ती हसली. मग पावलं आली. सात.

तिचं हसू तोंडावरच राहिलं. तिने बापाकडे पाहिलं नाही. खाली सरकून ती जमिनीवर बसली आणि तिने तळहात खोक्यावर ठेवला.

“आई,” ती म्हणाली.

कानवाले म्हणाले, “तुला कसं कळलं?”

“मला दिसायची ना ती. तुमची पाठ असायची दाराकडे, माझं तोंड. दाराखाली तिची सावली यायची.”

“मला बोलली नाहीस कधी.”

“तुम्ही थांबवलं असतं भरायचं. मग ती गेली असती.” तिचा तळहात खोक्यावरच होता. “मी त्या सावलीकडे बघूनच वाजवायचे, बाबा. नंतर दाराखाली नुसता उजेड असायचा. त्याच्यासमोर नाही वाजवता आलं.”

टेपवरचा शेवटचा सूर आला आणि पावलं चटचट परत गेली. लेकीने विचारलं, अजून किती आहेत? कानवाल्यांनी कपाट उघडून तिच्यासमोर एक कापडी पिशवी ठेवली. त्यात त्यांनी सकाळीच एकोणीस टेपा भरून ठेवल्या होत्या, तारखांच्या क्रमाने.

तिने त्या एकेक काढून पाहिल्या. तिच्या हिशेबात कमी भरत होत्या. मी तर कॉलेजात गेल्यावरही वाजवत होते, मग पुढच्या कुठे आहेत, असं तिने विचारलं.

“त्यांच्यावर काही नाही.”

“म्हणजे नंतर यायची नाही ती?”

कानवाल्यांनी खोक्यावर बसलेली धूळ बोटाने पुसली. तिथे धूळ नव्हती.

“यायची,” ते म्हणाले. “दर वेळी यायची. पण मी तेव्हा माइक बदलला होता. तो नवा माइक खालचं पकडत नव्हता.”

लेकीने मान डोलावली. आवाजाच्या बाबतीत बापाच्या शब्दावर तिने जन्मात कधी शंका घेतली नव्हती. तिने टेपा पिशवीत नीट लावल्या, गोळ्यांची डबी भरली, दुपारचं खाऊन घ्या म्हणून बजावलं आणि निघाली. जिन्याशी वाकून तिने चप्पल घातली. घरी जाऊन व्हायोलिनच्या तारा आहेत का बघते, असं ती म्हणाली, पण अशा आवाजात की त्यावर बापाने काही बोलू नये. ती उतरायला लागली तसं कानवाल्यांनी दार लावून घेतलं.

लावलेल्या दाराला त्यांनी आतून कान टेकला. जिना दगडी होता, आवाज स्वच्छ येत होता. तिसरा मजला, वळण, दुसरा मजला. ते पायऱ्या मोजत नव्हते. एका पायाचा आवाज दुसऱ्याशी ताडून बघत होते. दोन्ही पावलं सारखी पडत होती. पहिल्या मजल्यावर कुणीतरी तिला हटकलं, ती थांबली, दोन शब्द बोलली आणि पुन्हा निघाली. तेव्हाही सारखीच पडली. खालचं फाटक वाजलं. रस्त्यावरच्या आवाजांत तिची पावलं मिसळून गेली, तरी कानवाले दारापासून हलले नाहीत.